अकरा काळे ठिपके

टार्नब्रे
गुरुवार, १६ जुलै १९७०

प्रिय वॉटीमामा,

पाकिटामागचा पत्ता वाचून तू आधी नर्सच्या नावाने ओरडला असशील, की माझा चष्मा बदला. चष्मा ठीक आहे. मी खरंच टार्नब्रेला आले आहे.

रागावू नकोस, सगळं सांगते. माझं दुसरं पुस्तक वर्षभर अडून बसलंय हे तुला ठाऊक आहे. पेपरात दोन ओळींची जाहिरात होती: डोंगरातलं घर, जून ते ऑगस्ट, हिवाळाभर खोली मिळेल, लिहिणाऱ्यांना एकांत, जेवण घरचं. खाली नाव टार्नब्रे! लहानपणी तुझ्या सगळ्या गोष्टी घडायच्या ते रान. एकोणीस वर्षं तू इथे मुख्य मेंढपाळ होतास, आणि सोडून का आलास असं विचारलं की उठून कुत्र्याला पाणी द्यायला जायचास, कुत्र्याला तहान असो वा नसो. मग मी टाइपरायटर उचलला आणि आले.

लोकर कातरणारी माणसं हंगामात ज्या खोल्यांत राहतात, त्यांतली शेवटची मला मिळाली आहे. मालकीण जीन मॅकर्सी तुझ्या गोष्टींतल्यासारखीच आहे, ताठ. अ‍ॅलेक, तिचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. ती मोजकं बोलते, आणि त्यातलं निम्मं कुत्र्यांशी. माझं आडनाव प्रिंगल, त्यामुळे मी तुझी भाची असेन अशी शंकाही तिला आलेली नाही. मीही बोलले नाही. बोलावं का?

आता बर्फाचं. मागच्या गुरुवारी जेवणं झाली आणि दक्षिणेचा वारा सुटला, तो शनिवारी सकाळी थांबला. दार आत उघडतं म्हणून बरं. उघडलं तर समोर पांढरी भिंत, आणि तिच्यावर दाराच्या फळ्यांचा अगदी हुबेहूब छाप. जीनने तिच्यातच फावडं मारून बाहेर जायला बोगदा केला. कुंपणाचे खांब बुडाले आहेत, पाण्याच्या टाकीचं नुसतं झाकण दिसतंय. टेलिफोनची तार तुटली ती तुटलीच. टेड नावाचा एक गृहस्थ रस्त्यावरचा बर्फ ढकलायचं ग्रेडर घेऊन मंगळवारी आणि शुक्रवारी फेअरलीहून वर येतो. टपाल, पाव आणि गावच्या चुगल्या सगळं त्याच्याकडूनच.

आणि मी? मी लिहीत नाहीये, मामा. अकरा पानं झाली आणि गाडं रुतलं. त्याऐवजी बाबांचा जुना कॅमेरा कोटाच्या आत छातीशी धरून हिंडते, कारण बाहेर काढून ठेवला तर त्याचा खटका गारठून अडकतो. बर्फाचा फोटो काढणं मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. भर दुपारी काढला तर कागदावर काहीच येत नाही, धुतलेली चादर. सकाळी ऊन तिरपं असलं की मग एकेक घडी दिसते. बर्फाचा म्हणून आपण जो फोटो काढतो तो खरं तर सावल्यांचा असतो. धुण्याच्या खोलीच्या खिडकीला घोंगड्या लावून मी अंधार केलाय आणि तिथे फिल्म धुते. जीन म्हणाली, "पुस्तक लिहायला आलीस ना?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'ने मला जेवण गेलं नाही.

एक वाईट बातमी आहे. एकशे चाळीस गाभण मेंढ्या सापडत नाहीत. वादळाआधी त्या मागच्या डोंगरावर होत्या. जीन आणि तिचे दोन मेंढपाळ शनिवारपासून लांब काठ्या बर्फात खुपसत फिरताहेत. बाकीच्या मेंढ्या वाचल्या, पण जीनला त्यांचं कौतुक नाही. ती म्हणते, त्या बाजारातून आणलेल्या. या एकशे चाळीस अ‍ॅलेकच्या आजोबांच्या कळपाच्या वंशातल्या. कुठल्या ओढ्याला केव्हा उतरायचं हे आईकडून शिकलेल्या. "त्या गेल्या तर हा डोंगर ओळखणारं कोणी उरलं नाही," असं ती काल कुत्र्याला सांगत होती. "मग मी तरी कशाला राहू? वसंतात खाली गावात जाते." मी चुलीपाशी बसून तिने भाजलेले स्कोन खात होते. उरलेला तुकडा मी कुत्र्याला दिला.

तुझी,
रोना


टिमारू
सोमवार, २० जुलै

रोना,

हे इथल्या नर्सच्या, सिनाच्या हातचं अक्षर आहे, शब्द माझे. माझा हात हल्ली थरथरतो. बाकी मी ठणठणीत आहे.

एकांतात लिहायला गेलीस आणि फोटो काढत बसलीस. तुझी आईही अशीच होती. गाय आणायला पाठवली की फुलं घेऊन यायची.

जीनला सांगू नकोस. तू माझी भाची आहेस हे कळलं तर ती तुला टेडच्या ग्रेडरवर बसवून खाली पाठवील, आणि ते बरोबरच करील. ती वाईट बाई नाही. तिचं माझ्यावाचून काही अडत नाही, एवढंच. का ते विचारू नकोस. इथे कुत्रा नाही, पाणी द्यायला उठताही येत नाही.

मेंढ्यांचं सांग. मागचा डोंगर म्हणजे कुठला भाग? उन्हाची बाजू की सावलीची? वरच्या खोलगटात काठ्या मारताहेत का? मारत असतील, सगळे तिथेच मारतात. वादळ दक्षिणेचं होतं म्हणतेस. जुन्या मेंढ्या वाऱ्याला पाठ देऊन खाली सरकतात. दुभंगलेला खडक आहे ना, काळ्या कड्याच्या टोकाला, त्याच्या खाली कोणी पाहिलं का? पण सांगणार कसं तू? सांगितलंस तर ती विचारील, तुला काय माहीत. जाऊ दे.

बूट ठेवायच्या खोलीत दाराच्या डावीकडची तिसरी खुंटी माझी. घाईत निघालो तेव्हा बूट तिथेच राहिले. बरे होते. आहेत का बघ, उगाच.

फोटो पाठव. माझ्या खिडकीतून बंदर दिसतं. बोटी येतात, बोटी जातात. चौतीस वर्षं डोंगरात काढलेल्या माणसाला समुद्राकडे तोंड करून बसवायची अक्कल कोणाची, देव जाणे.

वॉटी

ता. क. रोनाताई, मी सिना. 'ठणठणीत' हा शब्द त्यांनी सांगितला म्हणून लिहिला. कमरेचं हाड जुळतंय पण हे पलंगावरून उतरायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणतात चाला, हे म्हणतात कुठे जायचंय? साबुदाण्याची खीर दिली की भिंतीकडे तोंड करतात. तुमचं पत्र मात्र मला चार वेळा वाचायला लावलं.


टार्नब्रे
गुरुवार, २३ जुलै

प्रिय मामा,

शोध थांबला. परवा तुझं पत्र हातात पडलं, पण तो त्याआधीच थांबला होता. मागच्या शनिवारी, आठव्या दिवशी संध्याकाळी जीन खाली आली, काठ्या भिंतीला टेकवल्या आणि म्हणाली, "पुरे." एका मेंढपाळाच्या पायाची दोन बोटं बर्फाने काळी पडली आहेत. दुसरा जेवताना बसल्या बसल्या झोपतो. तिने त्यांना सूप वाढलं, आणि मग खोलीत जाऊन दार लावलं. रविवारी ती कपाटं आवरत होती. इथले लोक कपाटं आवरतात म्हणजे काय, ते मला विचारून घ्यावं लागलं नाही.

तुझा दुभंगलेला खडक मी ओळखला! पत्र मिळालं त्याच मंगळवारी दुपारी गेले. वर खोलगटापर्यंत जायची माझी छाती नाही, पण ओढ्याच्या अलीकडून तो अख्खा कडा समोर दिसतो. मेंढ्या दिसल्या नाहीत. ना खूर, ना लोकर, काहीच नाही. नुसता वरपासून खालपर्यंत साचलेला बर्फ, कुठे कुठे दोन पुरुष खोल असेल. दुभंगलेल्या खडकापासून ओढ्यापर्यंत एकच लांब वळण. मामा, इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची लाजही वाटली, कारण जीन तिकडे कपाटं आवरत होती.

दोन फोटो काढले, एक ओढ्याच्या वळणापाशी आणि एक तिथून चाळीसेक पावलं खाली. पहिला तुला पाठवतेय. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो आहे. तो निर्मळ दिसावा म्हणून किती खपले ते सांगते. कॅमेऱ्यात धूळ गेली असावी, खडकाखालच्या त्या नितळ पांढऱ्या भागावर बारीक काळे ठिपके उमटले होते, मोहरीएवढे, दहा-बारा. सगळी शोभाच गेली. मग ब्लेडचं टोक घेऊन भिंगाखाली एकेक ठिपका कागदावरून खरवडून काढला. अख्खी दुपार गेली. बघ तुला एक तरी सापडतो का!

बुटांचं पाहिलं. नाहीत. गंमत म्हणजे त्या खोलीत खुंट्या पुरत नाहीत, एकेकीवर तीन-तीन कोट लटकलेत, आणि डावीकडची तिसरी खुंटी रिकामी. मी भाबडेपणाने माझा कोट तिच्यावर टांगला. संध्याकाळी पाहते तर तो जमिनीवर घडी करून ठेवलेला.

काय झालं होतं, मामा? आता मी इथे आहे. आता तरी सांग.

कालपासून पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे.

रोना


टिमारू
शनिवार, २५ जुलै

रोना,

टेलिफोन लावून पाहिला, लागत नाही. सिनाचा भाऊ दुधाची गाडी घेऊन उद्या फेअरलीला जातो, तो हे पत्र टेडच्या हातात देईल. हे वाचशील तेव्हा उभी असशील तर बसू नकोस.

ते ठिपके. तुझी अक्कल फिल्म धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून गेली काय? ती धूळ नाही, असं मला वाटतं. नक्की नाही म्हणत. नक्की करायचं काम तुझं आहे. तुझ्या त्या पेटीतलं मला काही कळत नाही, पण इतकं कळतं: तू दोन फोटो काढलेस, दोन जागांवरून. ठिपके कॅमेऱ्यातले असतील तर दुसऱ्या फोटोत ते खडकाखालीच कशाला बसतील? आणि डोंगरातले असतील तर तू कुठूनही काढ, खडकाला धरून राहतील. मूळ फिल्मवर तर ब्लेड चालवलं नाहीस ना? नसेलच, तू चेंगट आहेस, फिल्म जपून ठेवतेस. दोन्ही फोटो पुन्हा छाप आणि शेजारी शेजारी ठेव.

बर्फाखाली मेंढ्या जिवंत राहतात, रोना. एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. त्यांच्या श्वासाने वर बारीक भोक पडतं, धुरांड्यासारखं. पहिले काही दिवस काही दिसत नाही. बर्फ खाली बसला की मग दिसतं. भोकाची कड पिवळट असते. तुझ्या काळ्या-पांढऱ्या कागदावर पिवळं कसलं दिसणार, म्हणून तुला नुसता ठिपका दिसला. आणि त्यावर नवी भुरभुर पडली असेल तर आता डोळ्यांनाही दिसणार नाही. ते कुठे आहेत हे फक्त तुझ्या फिल्मला ठाऊक आहे.

जीन विश्वास ठेवणार नाही. आठ दिवस राबलेल्या माणसाला फोटोतला ठिपका दाखवला तर तो हसतो, किंवा मारतो. म्हणून तिला हे पुढचं वाचायला दे. सिना, थांबू नकोस, लिही.

जीन, मी वॉल्टर. रोना माझ्या बहिणीची मुलगी. तिला बोलू नकोस, गप्प राहा असं मीच म्हटलं होतं.

चोवीस वर्षांपूर्वी अ‍ॅलेक न्यूमोनियाने पडला होता आणि बर्फाखाली गाडलेल्या मेंढ्यांचा शोध माझ्या हाती होता. नवव्या दिवशी मी पुरे म्हटलं. तू म्हणालीस, एकच दिवस अजून. मी नाही म्हटलं. सप्टेंबरात बर्फ वितळला तेव्हा आपण दोघांनी पाहिलं. त्यांनी एकमेकींच्या अंगावरची लोकर खाल्ली होती. म्हणजे कितीतरी दिवस जगल्या होत्या. तू मला एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

तुला ठाऊक नाही ते आता सांगतो. नवव्या दिवशी दुपारी मी खडकाखालून येत होतो. तिथे बर्फावर चार-पाच पिवळे डाग होते. मी ते पाहिले, जीन. पाहिले आणि मनाशी म्हटलं, सशाचे असतील. वाकून बघायला नको म्हणून म्हटलं. वाकलो असतो तर पुन्हा उठावं लागलं असतं, खणावं लागलं असतं, आणि माझ्यात जोर उरला नव्हता. ससे नव्हतेच, हे मला तेव्हाही कळत होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या गप्प बसण्यापेक्षा मला याने घालवलं.

आता ऐक. खालच्या बाजूने खणा. वरून खणलंत तर छत त्यांच्या अंगावर पडेल. बाहेर आल्या की हाकलू नका, पाय आखडलेले असतात, तासभर उभ्या राहू द्या. तोवर माणसांनी एकामागे एक चालून बर्फ तुडवायचा, घरापर्यंत. वाट घट्ट झाली की सगळ्यांत खाष्ट मेंढी पुढे घाला, बाकीच्या येतील. उंटावरून शेळ्या हाकतोय म्हण. म्हण, पण वर जा.

वॉल्टर

ता. क. मी सिना. हे सांगताना ते उठून बसले. मग म्हणाले, काठी दे. तीन पावलं चालले. बाकी मला काही सुचत नाही, भाऊ पत्र घ्यायला आलाय.


टार्नब्रे
मंगळवार, २८ जुलै

मामा,

घाईत लिहितेय. टेडच्या चाकाची साखळी तुटली आहे, ती तो जोडतोय तेवढाच वेळ आहे.

पत्र वाचलं आणि धुण्याच्या खोलीत पळाले. दोन्ही फोटो छापले. घाईत पहिला कागद वाया गेला. मग पाण्यातून निथळते तसेच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात अकरा. दुसऱ्यात नऊ, आणि दोन बर्फाच्या उंचवट्याआड. सगळे दुभंगलेल्या खडकाखाली, वाकड्या रांगेत. कॅमेरा हलला, ठिपके हलले नाहीत. ज्याची शोभा बिघडते म्हणून मी अख्खी दुपार खरवडत बसले होते ते हे होतं, मामा. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण वेळ नव्हता.

जीन स्वयंपाकघरात होती. आधी फोटो ठेवले. तिने पाहिले. मग तुझं पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. संपलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चुलीवर ओट्सची लापशी करपायला लागली तरी तिचं लक्ष नाही, शेवटी मी उतरवली.

"वॉल्टर तुझा मामा?"

"हो."

"आल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही राहू दिलं नसतं."

"नसतंच," ती म्हणाली. मग पत्राची घडी केली, एप्रनच्या खिशात ठेवली आणि खुंटीवरचं फावडं काढलं.

आज अंधार लवकर पडेल, म्हणून उद्या उजाडताच निघायचं. टेड फेअरलीहून चार माणसं घेऊन येतो म्हणालाय. वर सगळं पुन्हा पांढरं झालंय, एक भोक दिसत नाही. फोटो मेणकापडात गुंडाळून मी बरोबर नेणार आहे. बोटं काळी पडलेल्या त्या मेंढपाळाने मला विचारलं, "वीस दिवस झाले, बाई. कशाला आशा लावता?" जीन म्हणाली, "तू बोटं शेकत बस. मी जाते."

टेड हाक मारतोय.

रोना


टिमारू
शुक्रवार, ३१ जुलै

रोना, स्वतः लिहितोय. वाचता आलं नाही तर अंदाज कर. काय झालं? काही असो. जे असेल ते कळव.

वॉ.

ता. क. बुधवारपासून दिवसभर खिडकीशी उभे आहेत. तुमची बाजू ती नाही, तिकडे समुद्र आहे, असं मी सांगितलं. म्हणाले, ठाऊक आहे मला. डॉक्टरांनी तासभर उभं राहायची परवानगी दिली होती. काल खीर खाल्ली, पण चव घेतली नसावी. सिना.


टार्नब्रे
रविवार, २ ऑगस्ट

वॉल्टर,

तुझी भाची लिहिणार होती. मी तिला म्हटलं, हे पत्र माझं आहे.

एकशे एकोणीस जिवंत. एकवीस गेल्या.

बुधवारी उजाडताना निघालो. आठ माणसं आणि तीन कुत्री. वर पोचलो तर नुसतं पांढरं. टेडने टोपी काढून डोकं खाजवलं. रोनाने मेणकापडातून फोटो बाहेर काढला, ओढ्याच्या वळणापाशी जिथून तो घेतला होता तिथे जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडून आम्हाला डावीकडे-उजवीकडे करायला लागली. "अजून दोन पावलं. नाही, मागे. तिथे!" शहरातली पोरगी, पण आवाज तुझा आहे. तिथे खणायला घेतलं. खालच्या बाजूने.

दुपार झाली तरी काही नाही. दीड वाजता मी थांबायला सांगणार होते. शब्द तोंडात आला होता. तेवढ्यात टेडचं फावडं आत पोकळीत गेलं. त्याने फावडं टाकलं, आत खांद्यापर्यंत हात घातला, आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "बाई, कोणीतरी माझा हातमोजा चघळतंय."

वीस दिवसांनी. लोकर खाल्ली आहे एकमेकींची, अंगं उघडी पडलीत. काहींना उभं राहता येत नव्हतं. तासभर तसंच राहू दिलं. वाट तुडवली. सगळ्यांत खाष्ट मेंढी पुढे घातली. तिने टेडला ढुशी मारली आणि मग मुकाट्याने चालू लागली. सगळ्या खाली आणायला तीन दिवस लागले. आता कातरायच्या छपराखाली आहेत, पोत्यांचे कोट घातलेत त्यांना. हास्यास्पद दिसतात. त्या पाय शेकत बसलेल्या मेंढपाळाने रात्रंदिवस एकेकीला हाताने गवत भरवलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

मी गावात जात नाहीये. कपाटं पुन्हा भरली.

आता तुझ्या पत्राचं. चोवीस वर्षं मी असं धरून चालले होते की तू थकलास म्हणून त्या मेल्या. एकच दिवस अजून, असं मी म्हटलं होतं, आणि ते वाक्य इतकी वर्षं माझ्या बाजूने साक्षीला उभं होतं. पण त्या वेळी मी घरात होते, वॉल्टर. चुलीपाशी बसून म्हटलं होतं. या वेळी काठी माझ्या हातात होती, आणि मी आठव्याच दिवशी पुरे म्हटलं. तुझ्यापेक्षा एक दिवस आधी. पिवळे डाग मला दिसले नाहीत, पण दिसले असते तर मीही ससेच म्हटलं असतं.

हे मला तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. कागदावर बरं दिसत नाही.

रोनाने तो फोटो पुन्हा छापून दिला, ठिपक्यांसकट. स्वयंपाकघरात लावलाय. त्याला ब्लेड लावायचं नाही असं मी तिला बजावलं आहे. टाइपरायटरची टकटक परवापासून चुलीपर्यंत ऐकू येते. काय लिहितेस विचारलं तर उठून कुत्र्यांना पाणी द्यायला जाते.

ऑक्टोबरात कोकरं येतील. अंगणात ऊन असेल, खुर्ची टाकता येईल, आणि पोरांना काय चुकतंय ते ओरडून सांगायला कोणीतरी लागेलच. टेड तुला घ्यायला येईल. सिनाला मी वेगळं पत्र लिहिलं आहे; ती हो म्हणाली की झालं, तुला विचारत नाहीये.

तुझे बूट मी त्याच सप्टेंबरात चुलीत घातले. खुंटी मात्र रिकामी ठेवली. नवे बूट घेऊन ये.

जीन